भोंगा वाजला तर कुठं पळायचं?

माझी सगळी नोकरी कोकणातल्या एका रासायनिक कारखान्यात गेली, सुरक्षा अधिकारी म्हणून. कुंपणाच्या आत रिॲक्टर, टाक्या, क्लोरीनचे टनर म्हणजे मोठाले सिलिंडर. कुंपणाला लागून भाताची खाचरं आणि त्यापलीकडे वाडी. वाडीत काही द्यायचं-घ्यायचं असलं की एचआरचे साहेब मलाही गाडीत घालून न्यायचे, कारण तिथली माणसं मला ओळखत. नेत्रतपासणी, रक्तदान, शाळेची बाकं, पाण्याची टाकी. त्या काळातल्या बहुतेक उद्घाटनांच्या फोटोंत कडेला मी सापडेन.

या खर्चाला आता गावातलं शेंबडं पोरही 'सीएसआर' (कंपनीची सामाजिक जबाबदारी) म्हणतं. कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतलं काहीही एक असलं की कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. आरोग्य, स्वच्छता, पिण्याचं पाणी हे विषय यादीत आहेत. कारखान्याच्या आसपासच्या भागाला आधी द्या, असंही कायदा सांगतो. मॅरेथॉन किंवा पुरस्कार सोहळ्यासारखा एका दिवसाचा कार्यक्रम यात धरायचा नाही, हे सरकारला २०१४ मध्येच परिपत्रक काढून सांगावं लागलं. का सांगावं लागलं, ते ओळखा.

मोतीबिंदू निघाल्यावर सुईत दोरा ओवून दाखवणाऱ्या आजी मी पाहिल्यात, त्यामुळे शिबिरांना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. माझा राग रुग्णवाहिकेवर आहे. गाडी घ्यायला पैसे चटकन मंजूर होतात. ड्रायव्हरचा पगार, डिझेल, विमा, ऑक्सिजनचा सिलिंडर भरणं, याला पुढच्या वर्षी वाली नसतो. एका गावात आरोग्य केंद्रामागे उभ्या अशा गाडीच्या चाकांत गवत उगवलं होतं. दारावरचं देणगीदाराचं नाव मात्र लख्ख वाचता येत होतं.

उलट उदाहरण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं. २०१६ साली तिथल्या अपघातांत १५१ माणसं गेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेनं रस्ते विकास महामंडळ आणि पोलिसांच्या जोडीनं काम हाती घेतलं आणि महिंद्र कंपनीनं त्याला पैसा दिला. प्रत्येक अपघाताची जागा तपासायची, कठड्याचं उघडं टोक झाकायचं, खांबाभोवती संरक्षण उभारायचं, जखमीला लवकर हलवण्याची सोय करायची. फीत कापण्याजोगं यात काहीच नव्हतं. काही वर्षांत मृत्यू निम्म्याच्याही खाली आले.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. एकदा मॉक ड्रिलच्या आदल्या दिवशी वाडीत निरोप द्यायला गेलो होतो. उद्या भोंगा वाजेल, घाबरू नका, एवढंच सांगायचं होतं. अंगणात भात वारवणाऱ्या एका वहिनींनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, उद्याचं राहू दे. खराच वाजला तर आम्ही कंपनीकडं यायचं की लांब पळायचं?" शिबिरं घेतली होती, टाकी बांधली होती, पण हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी भोंगा म्हणजे पाळीचा. त्यावर भाताचं आधण ठेवायचं.

उत्तर एका वाक्यात देता येत नाही. वारा कुठून येतोय ते आधी बघायचं. वायूचा झोत ज्या दिशेला चाललाय तिकडंच धावलात तर तो तुमच्या सोबत येतो. म्हणून वाऱ्याला आडवं निघायचं, तोंडा-नाकावर ओलं फडकं धरून. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, तो ओढ्यात, खाचरात, सखल जागी साचतो. तेव्हा चढाकडं जायचं. (क्लोरीन फक्त एमआयडीसीत असतो असं शहरातल्या वाचकांनी समजू नये. अनेक जलशुद्धीकरण केंद्रांत त्याचे टनर असतात.) कधी कधी बाहेर पडण्यापेक्षा दारं-खिडक्या बंद करून घरात थांबणंच बरं असतं. कोणता वायू आणि किती, यावर सगळं ठरतं आणि ते ठाऊक असतं फक्त कुंपणाच्या आतल्या माणसांना.

भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री कारखान्यातून वायुगळती झाली, तेव्हा नेमकं हेच नडलं. लोक वाट फुटेल तिकडं धावले. आपल्यापुढचा रोगी कोणत्या वायूनं गुदमरलाय आणि त्यावर उपाय काय, हे डॉक्टरांनाही कुणी सांगितलं नव्हतं. ७ मे २०२० ला विशाखापट्टणमजवळ पहाटे एका कारखान्यातली स्टायरीनची वाफ झोपलेल्या वस्तीत शिरली, १२ जणांचा जीव गेला. तिथं भोंग्याची यंत्रणा होती, पण ती वाजवलीच गेली नाही, असं चौकशी समितीनं नोंदवलं.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार ठरावीक साठ्यापेक्षा जास्त रसायन बाळगणाऱ्या कारखान्यानं शेजारच्या लोकांना धोका कोणता, काय करायचं आणि काय टाळायचं हे सांगायलाच हवं. कुंपणाबाहेरच्या आपत्तीचा आराखडा जिल्हा प्रशासनाकडे असावा आणि त्याची तालीम वर्षातून एकदा तरी व्हावी, हेही त्यातच आहे. सीएसआरचे नियम २०२१ मध्ये सुधारले, तेव्हा दुसऱ्या कायद्यानं अंगावर टाकलेलं काम सीएसआर म्हणून दाखवता येणार नाही, हेही स्पष्ट झालं. म्हणजे टाकी, शिबिर, बाकं ही कंपनीची देणगी; धोक्याची माहिती हा गावाचा हक्क. एकाची भरपाई दुसऱ्यातून होत नाही.

हे मी बैठकीत बोललो की ठरलेलं उत्तर यायचं, "लोकांना कशाला घाबरवता?" माझा अनुभव उलटा आहे. वाडीतल्या माणसाला वास आधीच येत असतो. तो घाबरलेलाच असतो. पुढे आम्ही आणीबाणीचा भोंगा पाळीच्या भोंग्याहून वेगळा, चढ-उताराचा केला, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंड सॉक गावातून दिसेल असा उंचावर बसवला आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना रसायनांची यादी उपचारांसह नेऊन दिली. खर्च एका मंडपाहून कमी आला.

तुमचं गाव एमआयडीसीलगत असेल तर पुढच्या ग्रामसभेत कंपनीकडे खुशाल मागा, टाकी मागा, शिबिर मागा. पण त्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: तुमच्याकडे कोणती रसायनं आहेत, भोंगा कसा वाजला की आम्ही काय करायचं, आणि गावासकट तालीम कोणत्या तारखेला घेताय. उत्तर आलं नाही तर तोच अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.