स्वतःचा सर्व्हर : लेखांक सहावा – यंत्राला जागा कोठे द्यावी?

मागील लेखांकात यंत्राची जुळणी पुरी झाली, डिस्का बसल्या, रॅमची रात्रभर परीक्षा घेऊन झाली. आता ते कायमचे कोठे ठेवावयाचे, घरी की एखाद्या डेटा-केंद्रात भाड्याने जागा घेऊन, हा प्रश्न उरतो. तो वस्तुतः पेटी विकत घेण्यापूर्वीच विचारावयास हवा; कारण भाड्याच्या रॅकमध्ये १९ इंच रुंदीची आणि पावणेदोन इंचांच्या पटीत उंची असलेली आडवी पेटीच नीट बसते, उभ्या टॉवरला तेथे निराळी फळी व बहुधा निराळे भाडे पडते.

जागेचे भाडे म्हणजे चौरस फुटांचे भाडे, अशी आपली सहज समजूत असते, आणि एके काळी ती खरीही होती. १९९९ साली गूगलने स्वतः जुळवलेली यंत्रे कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे एक्सोडस कंपनीच्या केंद्रात ठेवली, तेव्हा आकारणी मुख्यतः फरशीच्या क्षेत्रफळावर होत असे. सबब त्यांनी पेट्यांना फाटा देऊन, एकेका ट्रेवर बुचाचा पातळ थर अंथरून त्यावर चार चार मदरबोर्ड उघडेच मांडले आणि ठरलेल्या जागेत यंत्रे दाटीवाटीने भरली. आज त्या युक्तीने भाडे वाचणार नाही. कारण केंद्राला खरा खर्च येतो तो विजेचा आणि त्या विजेतून निर्माण होणारी उष्णता बाहेर काढण्याचा, आणि करारनाम्यातही मुख्य बाब तीच असते.

म्हणून घराचा विचारही प्रथम विजेच्या अंगानेच करावा. १५० वॅट घेणारे यंत्र अहोरात्र चालले, तर तीस दिवसांत १०८ युनिटे खाते, आणि घरगुती दराचे टप्पे चढते असल्यामुळे ही सारी युनिटे वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. यूपीएस काही मिनिटांचा आधार देतो. पुण्यासारख्या शहरात देखभालीसाठी गुरुवारी वीज तासन्‌तास बंद राहिली, तर त्याचा इलाज चालत नाही. यासाठी एक लहानशी तजवीज आजच करून ठेवावी : बायोसमध्ये, वीज परत येताच यंत्राने आपोआप सुरू व्हावे अशी एक नोंद असते, ती चालू करावी, एरवी वीज येऊनही यंत्र कोणी बटण दाबीपर्यंत निपचित पडून राहते. दुसरी अडचण पत्त्याची. पुष्कळ इंटरनेट-पुरवठादार अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, आणि मग बाहेरच्या माणसाला आपल्या यंत्रापर्यंत सरळ पोहोचता येत नाही. स्थिर पत्त्यासाठी अर्ज करून वेगळे पैसे भरावे लागतात. इतके असूनही, जो शिकण्यासाठी किंवा केवळ आपल्या कुटुंबासाठी सर्व्हर चालवतो, त्याने तो घरीच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हाताशी असलेल्या यंत्राइतका चांगला गुरू नाही.

परंतु ज्या दिवशी एखाद्या ग्रंथालयाचे दप्तर किंवा दहा जणांचा व्यवसाय त्या यंत्रावर विसंबू लागेल, त्या दिवशी त्याचा मुक्काम हलवावा. महाराष्ट्रात अशा केंद्रांची दाटी नवी मुंबईत, महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात आहे. अंतराची धास्ती बाळगू नये : काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो, म्हणजे आठशे किलोमीटरच्या मार्गावरून जाऊन येण्यास त्याला आठ मिलिसेकंद पुरतात. अंतर जाचते ते मालकाला. डिस्क निकामी झाली की एक तर स्वतः जावे, किंवा केंद्राच्या माणसाला तासाच्या हिशेबाने मोबदला द्यावा. म्हणून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशीच जागा निवडावी.

आणि इमारत स्वतः पाहावी. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळाचे पाणी न्यूयॉर्कच्या दक्षिण मॅनहॅटनमध्ये शिरले, तेव्हा ७५ ब्रॉड स्ट्रीट या इमारतीतील जनित्रे उंचावर सुरक्षित होती, परंतु त्यांना इंधन पुरविणारी यंत्रणा तळघरात बुडाली. सर्व्हर जिवंत ठेवण्यासाठी माणसांना डिझेलच्या बादल्या भरून सतरा मजल्यांचे जिने चढावे लागले. ज्या मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तिच्या परिसरात जागा घेणाऱ्याने हा दाखला विसरू नये. जनित्र कोठे आहे एवढेच विचारून थांबू नये. इंधनाची टाकी कोठे आहे, पंप कोठे आहे आणि साठा किती तासांचा आहे, हेही विचारावे, आणि उत्तर करारनाम्यात लिहून घ्यावे.

तरीही कोणत्याही एका इमारतीवर सर्वस्वी भिस्त ठेवू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीची एक इमारत आगीत भस्मसात झाली. ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्यांपैकी कित्येकांची मूळ सामग्री व प्रत दोन्ही गेली. तेव्हा मुख्य यंत्र केंद्रात असेल तर त्याची प्रत घरी ठेवा, घरी असेल तर दुसऱ्या गावच्या आप्ताकडे ठेवा. आणि करारनाम्यावर सही करण्यापूर्वी त्या प्रतीवरून सारी सामग्री एकदा प्रत्यक्ष परत उभी करून पाहा.