मुक्त इलेक्ट्रॉनांचा क्ष-किरण लेसर : नाव आणि वस्तू

१८९५ च्या नोव्हेंबरात वुर्त्सबुर्ग येथे राँटगेन यांना जे किरण आढळले, त्यांचे स्वरूप त्यांना ठाऊक नव्हते. बीजगणितात अज्ञात राशीस जे अक्षर देतात तेच त्यांनी या किरणांस दिले. मराठी गणितात अज्ञात राशी ‘क्ष’ असल्यामुळे आपण त्यांस क्ष-किरण म्हणू लागलो. पुढे १९१२ मध्ये लाउए यांच्या स्फटिकावरील प्रयोगाने हे किरण म्हणजे अत्यंत लहान लांबीचे तरंग होत, हे सिद्ध झाले. अज्ञान सरले, त्याचे स्मारक असलेले नाव मात्र राहिले.

भाषेच्या अभ्यासकास यात नवल वाटत नाही. शब्द वस्तूचे वर्णन करीत नसून तिचा निर्देश करतो, हा आमच्या शास्त्राचा पहिला पाठ आहे. परंतु मराठीतून विज्ञान वाचणारा विद्यार्थी पारिभाषिक शब्दाची फोड करून अर्थ लावतो, आणि तेथेच फसण्याचा संभव असतो. गेल्या दोन दशकांत संशोधनाचे एक असामान्य साधन ठरलेल्या ‘मुक्त-इलेक्ट्रॉन क्ष-किरण लेसर’ या यंत्राच्या नावातील तिन्ही पदे अशी फसवी आहेत. प्रस्तुत लेखात त्या पदांच्या आधारेच यंत्राचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

प्रथम ‘मुक्त’ हे पद घेऊ. आपल्या भाषेत मुक्त म्हणजे बंधनातून सुटलेला. या यंत्रातील इलेक्ट्रॉन निर्वात नळीतून, चुंबकांनी आखून दिलेल्या वाटेने, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतो. त्याच्याइतका नियमबद्ध प्रवासी विरळाच. तो मुक्त एवढ्याच अर्थाने की कोणत्याही अणूशी तो बांधलेला नाही. अणूतील इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, म्हणून नेहमीच्या लेसराचा रंगही ठरलेला असतो. मुक्त इलेक्ट्रॉनास अशा पायऱ्या नाहीत. त्याची ऊर्जा बदलली की निघणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते. जॉन मेडी यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या कल्पनेचे मर्म हेच.

हा प्रकाश निघतो कसा? उत्तर व दक्षिण ध्रुव आळीपाळीने येतील अशी चुंबकांची लांब रांग मांडलेली असते. तिला आपण ‘लहरचुंबक’ म्हणू. तीतून जाणारा इलेक्ट्रॉन नागमोडी चालतो व प्रत्येक वळणावर प्रकाश टाकतो. सापेक्षतावादाच्या नियमांनुसार या प्रकाशाची लांबी चुंबकांच्या अंतराच्या मानाने कित्येक कोटी पटींनी लहान होते. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे चुंबकांची आवृत्ती ३ सेंटीमीटरांची आणि इलेक्ट्रॉनाची ऊर्जा सुमारे १३.६ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट असता दीड अँगस्ट्रॉमचे किरण मिळाले. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग. रेणूतील अणूंमधील अंतरे याच मापाची असतात.

आता ‘लेसर’ हे पद. उद्दीपित उत्सर्जनाने प्रकाशाचे वर्धन, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा हा शब्द. नेहमीच्या लेसरात हे उत्सर्जन अणूंकडून होते. येथे अणूच नाहीत. तरी नाव सर्वस्वी चुकीचे नाही, कारण फळ तेच आहे : सर्व तरंग एका लयीत येणे. आषाढीस पंढरपूरच्या वाटेवर शेकडो वारकरी आपापल्या लयीत टाळ वाजवीत असतील तर नुसता गलबला होईल. दिंडीने एक ठेका धरला की तोच नाद दूरवर पोचतो. इलेक्ट्रॉनांचा पुंजका लहरचुंबकात शिरतो तेव्हा तो गलबलाच असतो. परंतु स्वतःच निर्माण केलेल्या प्रकाशाच्या प्रभावाने तो हळूहळू एकेका तरंगलांबीच्या अंतरावर पातळ थरांत विभागला जातो, आणि मग सारे थर एका ठेक्यावर प्रकाश टाकतात. बेतालपणे निघणारा प्रकाश इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. एका तालात निघणारा त्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोट्यवधी इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत हा भेद केवढा, हे वाचकांनीच ताडावे.

या तत्त्वावरील एक यंत्र आपल्या देशात, तेही मराठी भाषकांच्या जुन्या वसतिस्थानी, आहे. होळकरांच्या इंदुरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने उभारलेल्या मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरात २०१६ मध्ये लेसर-क्रिया साधली. ज्यांच्या नावाने आपले सोलापूर विद्यापीठ २०१९ पासून ओळखले जाते, त्या अहिल्यादेवींच्या घराण्याचेच हे नगर. मात्र इंदूरचा लेसर क्ष-किरणांचा नसून अवरक्त किरणांचा आहे. तेथे दोन आरशांमध्ये प्रकाश पुनःपुन्हा फिरवून वाढविता येतो. क्ष-किरणांस असे समोरासमोर परतविणारे साधे आरसे नाहीत. म्हणून एकाच फेरीत सारे वर्धन साधावे लागते. त्यासाठी लहरचुंबक शंभर मीटरांहून लांब आणि इलेक्ट्रॉनांचा वेगवर्धक कित्येकदा किलोमीटरच्या मापाचा लागतो. २०१७ मध्ये हाम्बुर्गजवळ सुरू झालेले युरोपीय यंत्र ३.४ किलोमीटर लांब आहे. या मार्गाचा पहिला कठीण क्ष-किरण लेसर २००९ मध्ये स्टॅनफर्ड येथे, दुसरा २०११ मध्ये जपानात सिद्ध झाला.

उरले ‘किरण’ हे पद. किरण म्हटले की अखंड धार डोळ्यांपुढे येते. येथे धार नाही, स्पंद आहेत. एकेक स्पंद काही फेमटोसेकंदांचा. सेकंदाचे दहा लाख भाग करून त्यांतील एकाचे पुन्हा एक अब्ज भाग केले म्हणजे एक फेमटोसेकंद होतो. यंत्राची सारी उपयुक्तता या क्षणिकतेत आहे. क्ष-किरण ज्या रेणूचे चित्र घेतात त्यास इजाही करतात. प्रथिनांच्या अभ्यासातील ही जुनी अडचण. २००० मध्ये नॉयत्से, हायडू व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने दाखविले की स्पंद पुरेसा अल्प असेल, तर रेणू विस्कटण्यापूर्वीच त्याची छाप उमटेल. २०११ मध्ये चॅपमन व सहकाऱ्यांनी प्रकाशसंश्लेषणातील एका प्रथिनसंकुलाचे अतिसूक्ष्म स्फटिक द्रवाच्या धारेतून सोडून हे प्रत्यक्ष करून दाखविले. प्रत्येक स्फटिक नष्ट होतो. पण नष्ट होण्यापूर्वी आपली रचना सांगून जातो.

यामुळे मोठे स्फटिक न देणारी प्रथिने अभ्यासाच्या टप्प्यात आली. वनस्पती पाण्यातून प्राणवायू कसा वेगळा करतात, या क्रियेतील मँगनीजयुक्त केंद्राच्या क्रमिक अवस्था नेहमीच्या तापमानात टिपता येऊ लागल्या. स्थिर रचनेचे शास्त्र गतीचे शास्त्र होऊ लागले.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अशी यंत्रे जगात थोडी, त्यांवरील वेळ दुर्मिळ, आणि एकेक स्पंद तीव्रतेत कमीअधिक होत असल्याने मोजमाप जिकिरीचे. भारतात क्ष-किरण लेसर नाही. तथापि इंदूरचा इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन क्ष-किरण देतो, आणि विद्यापीठांतील संशोधकांस प्रस्ताव पाठवून तो वापरता येतो. स्थिर रचनेच्या पुष्कळ प्रश्नांस तो पुरेसा आहे. आपला प्रश्न रचनेचा की गतीचा, हे ज्यास नीट कळले, त्यासच कोणत्या यंत्राकडे जावे हे कळेल.

तात्पर्य, पारिभाषिक संज्ञा बदलण्याचा आग्रह येथे नाही. ‘क्ष’ गेली शंभर वर्षे निभावला, ‘मुक्त’ही निभावेल. परंतु वर्गात ही संज्ञा फळ्यावर लिहिणाऱ्या अध्यापकाने इलेक्ट्रॉन कशापासून मुक्त, हे त्याच तासास सांगावे. तेवढे एक वाक्य राहून गेले, तर विद्यार्थी नाव पाठ करील आणि वस्तू त्याच्या हाती लागणार नाही.