आहे त्याच सामानात हॉलची फेरमांडणी

हॉलची मांडणी बहुधा सामान घरात आले त्याच दिवशी ठरते. टेम्पोतून उतरलेला सोफा सर्वांत लांब भिंतीला लागतो, टीव्ही प्लगजवळ जातो, बेडरूममध्ये न मावलेले कपाट हॉलच्या कोपऱ्यात उभे राहते आणि पुढची दहा-पंधरा वर्षे सगळे तिथेच असते. एवढ्या काळात मुले दहावीला येतात, आजी-आजोबा कायमचे राहायला येतात, कुणाचे ऑफिसचे काम घरून सुरू होते. मग खोली अपुरी पडते आणि नव्या फर्निचरचा विषय निघतो. त्याआधी आहे तेच सामान जागा बदलून लावून पाहावे. यातली बरीच अडचण तेवढ्याने दूर होते.

सुरुवात मापांपासून. घरात टेप नसला तरी फरशी आहे. अलीकडच्या इमारतींत सर्रास दिसणारी व्हिट्रिफाइड फरशी २ बाय २ फुटांची असते, म्हणजे १० बाय १५ फुटांच्या हॉलमध्ये एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला साडेसात फरश्या. जुन्या मोझॅकची एक फरशी मोजून घ्यावी, बाकीचा हिशेब तसाच. मग गणिताच्या चौकडीच्या वहीत एक चौकोन म्हणजे एक फूट धरून खोली काढायची. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून त्याच प्रमाणात सामान करायचे : दिवाण ६ बाय ३, लोखंडी कपाट ३ बाय दीड, तीन जणांचा सोफा साधारण साडेसहा बाय पावणेतीन. दारे कुठवर उघडतात, खिडक्या आणि प्लग कुठे आहेत, हेही कागदावर हवे. जड सामान चारदा ओढण्यापेक्षा हे तुकडे चाळीस वेळा हलवणे कितीतरी सोपे.

तुकडे हलवण्याआधी तीन-चार दिवस घरातली माणसे नुसती पाहावीत. भाजी निवडायला आजी रोज कुठे बसते? पेपर कुठे वाचला जातो? कोणत्या खुर्चीवर कुणी न बसता फक्त वाळलेल्या कपड्यांचा ढीग असतो? आजी बाल्कनीच्या दाराशी बसत असेल तर तिला उजेड हवा आहे, पण तिथे तिच्यासाठी आसन नाही. कपड्यांनी अडवलेली खुर्ची तिथे नेली की एकाच हालचालीत दोन कामे होतात. फेरमांडणीतला हाच भाग सर्वांत मोलाचा आणि नेमका तोच वगळला जातो.

त्यानंतर वाट आखायची. मुख्य दारापासून स्वयंपाकघर आणि बेडरूमपर्यंत अडीच ते तीन फूट मोकळी पट्टी राहिली पाहिजे. सोफा आणि टीपॉय यांत सव्वा ते दीड फूट पुरे; त्याहून कमी झाले की गुडघे आपटतात, जास्त झाले की चहाचा कप ठेवायला उठावे लागते.

मग येते कपाट. गोदरेजने पोलादी कपाटे करायला सुरुवात केली ती १९२३ साली आणि आजही कोणत्याही कारखान्याचे लोखंडी कपाट ‘गोदरेजचे कपाट’च म्हटले जाते. साडेसहा फूट उंचीची ही वस्तू दारातून आत येताच समोर दिसली तर खोली आहे त्याहून लहान वाटते. तेच कपाट दार ज्या भिंतीत आहे त्याच भिंतीला लावले तर येणाऱ्याच्या पाठीशी जाते आणि समोरची भिंत मोकळी होते. दिवाणाच्या उशाशी आडवे लावले तर रात्री हॉलमध्ये झोपणाऱ्याला थोडा आडोसाही मिळतो. मात्र त्याची पाठ उघडी पडते, तिथे एखादी सतरंजी टांगावी. कोकणात आणि मुंबईत पावसाचा मारा बहुतेक नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नये. दोन-तीन इंच हवा खेळती राहिली नाही तर भिंतीची ओल मागे धरते, लोखंड गंजते, प्लायवूड फुगते आणि आतल्या कपड्यांना कुबट वास लागतो.

उजेडाचा नियम थोडक्यात : टीव्ही खिडकीच्या समोर नको, कारण पडद्यावर खिडकीच दिसते; खिडकीला काटकोनात असलेली भिंत त्याला बरी. अभ्यासाच्या टेबलावर उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा.

बाकीचे सामान खोल्यांची अदलाबदल करून मिळते. सणापुरता निघणारा चौरंग सोफ्याच्या बाजूला टेबल होतो. माळ्यावरची ट्रंक खाली आणून तिच्यावर गोधडीची घडी घातली की दोघांची बसायची सोय होते आणि आत पांघरुणे राहतात. पितळी घंगाळात कुंडी ठेवता येते, पण माती थेट भरू नये, भांडे डागाळते.

पडद्यांना जुने सुती लुगडे फार चांगले. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. सात फुटी पडद्याला वरची-खालची दुमड धरून सुमारे २.४ मीटर कापड लागते, म्हणजे एका लुगड्यात तीन पडदे निघतात. पन्हा सव्वा मीटरच्या आत असला तरी चार फुटी खिडकीला दोन पडदे लावले की छान चुण्या पडतात; तिसरा आतल्या दाराला. उभे काठ दोन्ही कडांना आपोआप येतात. जुने रेशीम मात्र घडीवर विरते आणि उन्हाने उडते, ते खिडकीला लावून वाया घालवू नये. सुती कापडालाही मागून जुन्या चादरीचे अस्तर दिले तर पश्चिमेच्या उन्हात रंग टिकतो.

वाडवडिलांच्या तसबिरी दारावर उंच असतात, त्या तशाच राहू द्याव्यात. इतर चित्रांचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ, असावा.

प्रत्यक्ष हलवण्याच्या दिवशी कपाट पूर्ण रिकामे करून दार कुलूपबंद करावे. पायांखाली जुन्या गोधडीची घडी सारून दोघांनी ओढले तर फरशीवर ओरखडे उठत नाहीत. लाकडी सामान हलवल्यावर मागे मातीच्या रेघा दिसल्या तर ती वाळवी. तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय नवी जागा देऊ नये. जुन्या जागी पायांभोवती खडूने खुणा कराव्यात. नव्या मांडणीत जी वस्तू कुठेच बसत नाही ती पंधरा दिवस बेडरूममध्ये ठेवावी. तेवढ्या दिवसांत तिची आठवण कुणालाच झाली नाही, तर ती गरजू घरी द्यावी आणि फरशीवरच्या खडूच्या खुणा पुसून टाकाव्यात.