घर आडवं, पाइप उभे

मुलुंड, बोरिवली, डोंबिवलीतल्या १९७०-८०च्या दशकांतल्या तीन-चार मजली सोसायट्यांत पाइप फुटला की पहिला फोन प्लंबरला जातो. “मी येतोय, तोवर मेन कॉक बंद करा,” असं तो सांगतो. पण अशा बऱ्याच इमारतींत फ्लॅटला स्वतंत्र मेन कॉक नसतोच. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराची, बाथरूमची, संडासाची अशा वेगळ्या लाइनी उतरतात आणि एकेक लाइन वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या घरांना पाणी देते. बंद करायचा व्हॉल्व्ह गच्चीवर, टाकीपाशी असतो. तो बंद केल्यावरही पाणी येत राहिलं की लोक व्हॉल्व्हलाच दोष देतात. खरं तर ते पाइपात उरलेलं पाणी असतं. त्याच लाइनीवरचा तळमजल्याचा नळ सोडला की लवकर उतरतं. वर्षानुवर्षं न फिरवलेला गेट व्हॉल्व्ह मात्र खरंच जाम होतो आणि पान्याने जोर केला तर त्याचा दांडा तुटतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा तो फिरवून ठेवायला खर्च काहीच नाही, तरीही ते कुणाच्याच यादीत नसतं.

“छताला ओल आली, म्हणजे वरच्यांचं बाथरूम गळतंय.” जिन्यातल्या भांडणांचं हे हमखास कारण. पाणी स्लॅबमधल्या भेगांतून, वायरिंगच्या नळीतून वाट काढत जातं. डाग पडला तिथेच गळती असेल असं नाही. डागाच्या जागेपेक्षा त्याची वेळ जास्त सांगते. रात्रंदिवस सारखीच ओल असेल तर भिंतीतल्या पाण्याच्या लाइनीवर संशय घ्यावा. वरच्यांच्या आंघोळीनंतर वाढत असेल तर नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याचा सांधा. फक्त पावसाळ्यात उमटत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. वेळ नोंदवून ठेवायचं आणखी एक कारण आहे: गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक लाइनींची गळती सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. तेव्हा वरच्या शेजाऱ्यांकडे जाण्याआधी चार दिवस डाग बघावा.

तळमजल्यावाल्यांचं दुखणं निराळं. मोरी तुंबली की आपल्याच घरात काहीतरी अडकलं असं समजून ते ॲसिड ओततात. आधी घरातले सगळे नळ बंद करून थांबावं. आपण थेंबभर पाणी न वापरता मोरीतलं पाणी वर येत असेल, तर ते वरच्या मजल्यांचं आहे आणि चोकअप खाली, चेंबरकडच्या लाइनीत आहे. तिथवर ॲसिड पोहोचलं तरी काही साधत नाही. मोरीतल्या फरश्यांच्या सांध्यांतलं सिमेंट मात्र ते नक्की खातं, आणि ब्लीचवर पडलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. बिडाच्या जुन्या पाइपांच्या सांध्यांत पिंपळाची मुळंही शिरतात. पाइपाशी उगवलेलं ते रोपटं वरवर छाटून भागत नाही, मुळं आत वाढतच राहतात.

“वरच्या मजल्यावर धार बारीक, म्हणजे पाइप गंजले.” दरवेळी नाही. दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक बार दाब देतं. टाकी नळापेक्षा तीनच मीटर वर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार. नवा पाइप टाकूनही त्यात फारसा फरक पडणार नाही, तिथे प्रेशर पंपच लागतो. पूर्वी चांगली असलेली धार वर्षागणिक बारीक होत गेली असेल, तर मात्र लोखंडी जीआय पाइपात गंजाचे थर साठलेत असं धरायला हरकत नाही.

एम-सीलबद्दल एवढंच: दाबाखाली गळत असलेल्या ओल्या पाइपावर ते नीट धरत नाही. पाणी बंद करून पाइप कोरडा केल्यावर लावलं तरी ती तात्पुरती मलमपट्टीच.

जीआय काढून प्लास्टिकचं सीपीव्हीसी टाकलं की चिंता मिटली, हा समज सर्वांत धोक्याचा. काही जुन्या घरांत वायरमनने अर्थिंगची तार सरळ पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असते. मध्ये प्लास्टिकचा तुकडा आला की ते अर्थिंग तुटतं आणि गीझरचा करंट जायला जागाच उरत नाही. म्हणून पाइप बदलण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर गीझरचा एमसीबी लगेच पाडावा. तिथे प्लंबरचं काम नंतर येतं.