प्लस कुठला, मायनस कुठला?

बाल्कनीत मनी प्लांट लावायचा फंडा जुना झाला, बॉस! आता तिथे सोलर पॅनल लावून बघा. १०० वॉटचं एक पॅनल, एक चार्ज कंट्रोलर आणि १२ व्होल्टची बॅटरी. एवढ्यावर राउटर, दोन एलईडी दिवे आणि मोबाइलचं चार्जिंग मस्त निघतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर फेरी मारली की सामान हातात. खरी परीक्षा पुढे असते, वायरी जोडताना!

‘लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस, त्यात काय एवढं?’ हे मलाही तिघा-चौघांनी ऐकवलं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण बऱ्याच पॅनलच्या दोन्ही वायरी काळ्याच येतात. आणि मध्ये जोड देऊन वायर वाढवली असेल, तर कुणी कुठला रंग वापरलाय ते देवच जाणे. म्हणून मी रंगावर नाही, मीटरवर भरवसा ठेवते.

काही शे रुपयांत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. त्याची काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात घाला, लाल वायर व्होल्टच्या भोकात. चकती डीसी २०० व्होल्टवर फिरवा. २० वर नको, कारण १२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं पॅनल उन्हात, काही जोडलेलं नसताना, २१-२२ व्होल्ट दाखवतं. आता मीटरची टोकं पॅनलच्या दोन वायरींना लावा. नुसता आकडा आला, तर लाल टोक प्लसवर आहे. आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं, तर उलटं. झालं! लगेच त्या वायरीला लाल टेप गुंडाळा.

जोडण्याचा क्रमही लक्षात ठेवा. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना बरोबर उलटं. ऊन असेपर्यंत पॅनल ‘ऑफ’ होत नाही, त्यामुळे काम करताना त्यावर जाड चादर टाका. बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज हवाच. बॅटरी उलटी लागली, तर क्षणात प्रचंड करंट वाहतो. फ्यूज असेल तर तो जातो, नसेल तर कंट्रोलर जळतो किंवा वायरच पेटते.

दोन पॅनल आहेत? एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडला, की ती सिरीज. व्होल्टेजची बेरीज होते, करंट तेवढाच राहतो. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, ही पॅरलल. इथे करंटची बेरीज होते, व्होल्टेज तेवढंच. कंट्रोलरला किती व्होल्ट झेपतात, ते त्याच्या लेबलवर वाचूनच ठरवा.

आणि एक सिरियस गोष्ट. आपल्या घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते. डीसी शून्यावर येतच नाही. चालू करंटमध्ये कनेक्टर उपसला, तर ठिणगीची ज्योत होऊन तो वितळू शकतो. सोसायटीच्या गच्चीवर तर अनेक पॅनल सिरीजमध्ये असतात, म्हणजे शेकडो व्होल्ट! तिथे आपलं डोकं चालवायचं नाही, ते काम जाणकार माणसाचंच.

बाल्कनीतलं मात्र बिनधास्त करा. फक्त स्क्रू आवळण्याआधी दोन मिनिटं मीटरला द्या!