गाणं गाजलं, नाव कोणाचं?

लग्नसराईत आपल्या साक्रीकडे 'हाई झुमकावाली पोर' लागलं की म्हाताऱ्यासुद्धा ठेका धरतात. त्याआधी 'बबल्या इकस केसावर फुगे' असंच गाजलं. दोन्ही गाणी अहिराणी, आपल्या घरातल्या बोलीतली. अमेरिकेत 'बिलबोर्ड' हे नियतकालिक १९४४ पासून तिकडच्या गावाकडच्या गाण्यांची क्रमवारी छापतं. आपल्याकडे गाणं किती गाजलं, ते यूट्यूबवरचा आकडा सांगतो. या गाण्यांचा आकडा कोटींच्या घरात आहे.

पण पाहिलं गेलं म्हणजे लगेच पैसे मिळाले, असं नसतं. जाहिरातींच्या कमाईत वाटा मिळायला चॅनेलचे १००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात लोकांनी त्यावरचे व्हिडिओ ४००० तास पाहिलेले असावे लागतात. तो वाटाही चॅनेलवाल्याच्या खात्यात जातो. लिहिणारीला, गाणारीला काय मिळणार, ते आधी काय ठरलं त्यावर असतं.

आमच्या गटातल्या एका काकूंनी पुतणीच्या हळदीसाठी स्वतः गाणं रचलं. कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि चॅनेलवर टाकलं. गाणं गावोगाव वाजलं, पण खाली काकूंचं नाव नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "पैसा राहू दे, नाव तरी टाकायचं होतं."

कानबाईची, गुलाबाईची, आखाजीची जुनी गाणी सगळ्यांची आहेत, ती कोणीही गावीत. पण तुम्ही नवं रचलेलं गाणं तुमचं. कॉपीराइट कायद्याने तो हक्क तुम्ही हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, पण पुरावा हवा. म्हणून गाणं वहीत लिहा, खाली तारीख आणि सही करा. कोणी मागितलं तर नाव कुठे येणार, पैसे आले तर वाटा किती, हे कागदावर घ्या. न वाचता अंगठा देऊ नका. कर्जाचा कागद आपण बैठकीत वाचून घेतो, तसाच हाही वाचून घ्या.

आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून घेतली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं आणि आज त्यांचं नाव घराघरात आहे. येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की वहीची शेवटची चार पानं गाण्यांसाठी ठेवा. जिला लिहिता येत नाही, तिचं गाणं शेजारणीने लिहावं. खाली नाव मात्र तिचंच.