लहान स्वीडिश नगरातील मोटारींची एजन्सी व तिचा परिसर

स्वीडनमधील लहान नगरात मोटारींची एजन्सी ही केवळ विक्रीची जागा नसते. नगर व भोवतालची खेडी यांना जोडणारे ते एक सेवाकेंद्र असते. या केंद्राचा आधार विक्री की सेवा, हा प्रश्न नगर-भूगोलाच्या दृष्टीने विचारणीय आहे.

मोटारीच्या प्रसाराचा एक मूलगामी अभ्यास स्वीडनमध्येच झाला. लुंड विद्यापीठाच्या टॉर्स्टेन हेगरस्ट्रांड यांनी १९५२ साली स्कोने प्रांतातील मोटारींच्या प्रसाराची मीमांसा केली. नवी वस्तू शेजाराशेजाराने पसरत जाते, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होय. परंतु प्रसार पूर्ण झाला की गाडीची निगा राखण्याचे काम उरते, आणि एजन्सीचे स्थान त्या कामावरून ठरू लागते.

एजन्सीला विस्तीर्ण जागा लागते. रस्त्याकडे काचेचे दालन, मागे दुरुस्तीचे गॅरेज, बाजूस जुन्या गाड्यांचे पटांगण अशी तिची सर्वसामान्य रचना असते. नगराच्या मध्यभागी एवढी भूमी दुर्लभ. म्हणून ती वेशीवरील हमरस्त्याकडे सरकते. पेट्रोल पंप व टायरांची दुकाने यांसारखे पूरक व्यवसायही तेथेच जमतात.

ग्राहकाची ये-जा टिकविण्यास हवामान व कायदा हे दोन्ही कारण होतात. हिवाळी परिस्थितीत १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर बंधनकारक असल्यामुळे टायर वर्षातून दोनदा बदलावे लागतात. न वापरलेला संच ठेवून घेण्याची सोयही एजन्सी करते. तिला स्वीडिश भाषेत ‘टायरांचे हॉटेल’ म्हणतात.

या आधाराची परीक्षा ट्रोलहेत्तान येथील साब मोटार कंपनीच्या दिवाळखोरीने झाली. १९ डिसेंबर २०११ रोजी कंपनी बुडाली आणि तिच्या एजन्सींचा नव्या गाड्यांचा पुरवठा तुटला. तथापि रस्त्यावरील गाड्या नाहीशा झाल्या नाहीत. सुट्या भागांची कंपनी तारण म्हणून सरकारकडे गेली, पुढे तिला ‘ओरिओ’ हे नाव मिळाले, व भागांचा पुरवठा चालू राहिला. विक्री थांबली तरी सेवेची गरज उरते, हे यावरून सिद्ध होते.

आता मात्र सेवेच्या आधारालाच धक्का बसत आहे. २०२२ साली स्वीडनमध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक गाड्या विजेवर चार्ज होणाऱ्या होत्या. त्यांतील पूर्णतः विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिनतेल लागत नाही व तिचे फिरते भागही थोडे असतात. टायर बदलावेच लागतील. परंतु तेवढ्या कामावर गॅरेज किती काळ तग धरील, यावर एजन्सीचेच नव्हे तर वेशीवरील त्या संपूर्ण वस्तीचे भवितव्य अवलंबून आहे.